चुरी बाईंचे इलेक्ट्रॉन

चुरी बाईंना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यांचा उजवा हात मनगटापर्यंत जांभळा झाला होता आणि त्या एकट्याच हसत होत्या.

मी तेव्हा पनवेलला, बैलगाडीची चाकं करणाऱ्यांच्या आळीत एका खोलीत भाड्याने राहत होते आणि तिथल्या हायस्कुलात मराठी शिकवत होते. विज्ञानाला नवीन बाई येणार, त्यांना तुमच्याच खोलीत सामावून घ्या, असं हेडमास्तर लिमये सरांनी मला सांगून ठेवलं होतं. नेमकं त्याच सुमारास गावात पटकीची भीती पसरली होती आणि नगरपालिकेचा माणूस विहिरीविहिरीतून लाल औषध टाकत हिंडत होता. तो आमच्या विहिरीवर आला आणि एस.टी.तून उतरलेल्या नव्या बाईही तेव्हाच तिथे पोचल्या. त्यांनी ट्रंक आणि वळकटी विहिरीच्या काठावर ठेवली, त्याच्या हातातली पुडी मागून घेतली, चिमूटभर औषध बादलीत टाकलं आणि हात घालून ढवळत बसल्या. मी शाळेतून परत आले तर हे दृश्य. तो माणूस पुडी परत मिळण्याची वाट बघत बाजूला उभा, घरमालकीणबाई माडीवरून चिंतेने बघतायत, आणि मध्ये या बाई.

मी माझं नाव सांगितलं. त्यांनी तोच ओला जांभळा हात पुढे केला, मग लक्षात येऊन मागे घेतला आणि म्हणाल्या, "आज जांभळा आहे, उद्या तपकिरी होईल. यातल्या मँगनीजला इलेक्ट्रॉन फार हवे असतात हो. माझ्या कातडीतून ओढून घेतोय बघा. घेऊ दे, माझ्याकडे पुष्कळ आहेत."

दुसऱ्या दिवशी हात खरंच तपकिरी झाला. त्याच हाताने त्यांनी पहिल्या दिवशी फळ्यावर लिहिलं. मुलं हाताकडे बघत होती, आणि तास संपेपर्यंत सगळ्या वर्गाला हात तपकिरी का हे पाठ झालं होतं.

दमयंती चुरी मूळच्या वसईकडच्या. उंच, हाडापेराने रुंद, चालताना पदर नेहमी कशात तरी अडकणार. वयाने तिशीच्या आसपास, लग्न झालेलं नव्हतं, आणि त्याबद्दल कुणी विचारलं तर त्या इतक्या मोकळेपणाने हसत की विचारणारालाच ओशाळं व्हायचं. मुंबईच्या कॉलेजात त्या रसायनशास्त्र शिकल्या होत्या. तिथल्या कुणा प्रोफेसरांनी धातू आपले इलेक्ट्रॉन कसे सोडतात हे एकदा समजावलं, तेव्हापासून त्या विषयाने त्यांना जे धरलं ते सोडलं नाही. सोडियम, कॅल्शियम त्यांना सरळ, शहाणी मुलं वाटत. त्यांनी किती इलेक्ट्रॉन द्यायचे ते ठरलेलं, तेवढे देतात आणि गप्प बसतात. बाईंचा जीव लोखंड, तांबं, मँगनीज, क्रोमियम यांच्यावर. या संक्रमण धातूंचं काही सांगता येत नाही, आज दोन देतील, उद्या तीन, आणि प्रत्येक वेळी रंग बदलतील, हे सांगताना त्यांचे डोळे असे चमकायचे की जणू त्या माहेरच्या वात्रट भावंडांबद्दल बोलतायत.

एक खोड मात्र विलक्षण होती. आनंद अनावर झाला की त्यांना उचकी लागे. साधी नव्हे, सगळं अंग हलवणारी. वर्गात मुलाने चांगला प्रश्न विचारला की पहिली उचकी. मुलं त्यावरूनच आपल्या प्रश्नाची किंमत ठरवत. "आज बाईंना माझ्यामुळे लागली," असं मधल्या सुटीत अभिमानाने सांगितलं जाई.

आमच्या खोलीच्या खिडकीत त्यांनी महिनाभरात बाटल्यांची रांग लावली. वाण्याकडचं तांब्याचं मोरचूद निळं, शाई करण्यासाठी मिळणारं लोखंडाचं हिराकस फिकट हिरवं, लाल औषध जांभळं. शाळेत प्रयोगशाळा म्हणजे एक कपाट होतं आणि त्याचंही दार नीट लागत नसे, त्यामुळे बाईंचा माल घरीच. सकाळचं ऊन खिडकीतून आलं की माझ्या गादीवर रंगांचे पट्टे पडत. हिराकसाची बाटली त्या मुद्दाम उघडी ठेवत आणि रोज सकाळी चहाआधी तिच्याकडे बघत. हळूहळू ती पिवळट पडू लागली तशा त्या मला उठवायला लागल्या. लोखंडाने आधी बाहेरचे दोन सोडले होते, आता हवेच्या नादी लागून आतलाही एक सोडतंय, असं त्यांचं म्हणणं. मी झोपेत हो म्हणे. आळीत मात्र या बाई औषधं देतात अशी बातमी पसरली. एक म्हातारी डोळ्यात घालायला निळं औषध मागत दारात आली. बाईंनी तिला ते विष आहे हे नीट समजावलं, दवाखान्यात पाठवलं, पण त्याआधी तिला बसवून तांब्याबद्दल पुष्कळ काही सांगितलं. म्हातारीने सगळं ऐकून घेतलं आणि जाताना मला विचारलं की यांचं लग्न का नाय झालं.

आता मैदानातली गोष्ट. तिच्यामुळेच पुढचं सगळं घडलं.

दहावीच्या वर्गात बाईंनी लोखंडाचे सव्वीस इलेक्ट्रॉन फळ्यावर काढले आणि वर्गाला ते कळले नाहीत. बाईंनी फळा पुसला, वर्ग मैदानात काढला, कमी पडली ती मुलं नववीतून आणली आणि फक्कीच्या पांढऱ्या भुकटीने गोल आखायला सुरुवात केली. मधोमध अणुकेंद्र हवं होतं. लिमये सर व्हरांड्यातून हा काय गोंधळ म्हणून बघायला आले. सर म्हणजे काळा कोट, टोपी, आणि कधी न हसणारा चेहरा. बाई त्यांना म्हणाल्या की सगळे ज्याच्याकडे ओढले जातात असं माणूस शाळेत दुसरं नाही, तर कृपा करून मध्ये उभे राहा. यात नाकारण्यासारखं काय आहे हे ठरेपर्यंत सर मध्ये उभे होते.

बाईंनी मुलं एकेक करून आत सोडली. पहिल्या गोलात दोन, दुसऱ्यात आठ, तिसऱ्यात आठ. मग तिसरा गोल पुरा भरायच्या आधीच दोघींना चौथ्या, सगळ्यात बाहेरच्या गोलावर उभं केलं. त्यातली एक हिरा. ही कोळीवाड्यातली मुलगी, वर्गात शेवटच्या बाकावर बसणारी, फारसं न बोलणारी. त्यानंतर उरलेले सहाजण बाईंनी परत आत, तिसऱ्या गोलात घातले. सगळे आपापल्या गोलातून सरांभोवती पळू लागले. सर हात पाठीमागे बांधून, मान वळवून वळवून बघत होते. मग बाईंनी शिपाई गोमाला ऑक्सिजन केलं आणि त्याला मैदानात सोडलं. गोमाने सांगितल्याप्रमाणे बाहेरच्या दोघींचे हात धरले आणि ओढून नेऊ लागला.

हिरा जागच्या जागी थांबली. तिने हात सोडवून घेतला आणि सगळ्या शाळेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "बाई, आमी त्या सहाजणांच्या आधी आलो. मंग आमालाच आधी का काढता? हा काय न्याय हाय?"

बाईंना उचकी लागली. मग दुसरी. मग त्या फक्कीच्या रेषेवरच बसल्या आणि हसत, उचक्या देत, हिराला जवळ बोलावून म्हणाल्या की बाळ, हा प्रश्न मला कॉलेजात सुचला नव्हता. मग त्यांनी समजावलं. तू आलीस तेव्हा आतली जागा रिकामी होती, आणि तेव्हा तुला बाहेरचीच जागा सोयीची होती. पण नंतर एकेक जण आत शिरत गेला, तशी मधल्या सरांची ओढही वाढत गेली. ती ओढ आतल्यांना घट्ट बसली. तू लांब, आणि तुझ्या नि सरांच्या मध्ये एवढी गर्दी. कोण कधी आलं ते सर बघत नाहीत. आत्ता कोण सैल आहे एवढंच खरं. हिराने सरांकडे बघितलं, आतल्या सहाजणांकडे बघितलं आणि म्हणाली, "पटलं. पन बरा नाय वाटला." बाईंची उचकी संध्याकाळपर्यंत थांबली नाही.

गावात ही बातमी पोचायला वेळ लागला नाही. हेडमास्तरांना मैदानात उभं करून मुली त्यांच्याभोवती पळवल्या, असं तिचं रूप झालं होतं. शाळा समितीतल्या एका गृहस्थांनी लेखी तक्रार केली. दुर्दैवाने महिनाभरात इन्स्पेक्शन होतं. आमच्या शाळेतला वरचा विज्ञानाचा वर्ग तात्पुरत्या परवानगीवर चालला होता. इन्स्पेक्टरांचा शेरा चांगला पडला तर वर्ग कायम, नाही तर बंद, आणि त्याबरोबर बाईंची नोकरीही. मुलांना मग ठाण्याला जावं लागलं असतं, म्हणजे जाऊ शकणारे गेले असते. हिरासारख्यांचं शिक्षण तिथेच संपलं असतं. लिमये सरांनी बाईंना बोलावून, पुस्तकात आहे तेवढंच शिकवा, असं बजावलं. बाई गंभीरपणे हो म्हणाल्या. त्यांना गंभीर झालेलं मी तेवढं एकदाच पाहिलं, आणि घरी आल्यावर मला वाटलं त्या रडतायत. जवळ गेले तर त्या जुन्या बॅटरीच्या सेलचं जस्ताचं टरफल कात्रीने कापत बसल्या होत्या. ते शाळेतल्या पातळ ॲसिडमध्ये टाकलं की काय होतं ते त्यांना बघायचं होतं.

इन्स्पेक्टर सबनीस आले ते नेमके दहावीच्या विज्ञानाच्या तासाला. चाळिशीकडे झुकलेले, सडपातळ, चष्म्याच्या काचा सारख्या पुसायची सवय. तक्रार त्यांच्या कानावर आधीच गेली होती. त्यांनी फिरवाफिरव न करता विचारलं की लोखंडातला कुठला इलेक्ट्रॉन आधी निघतो असं तुम्हाला शिकवलंय. सगळा वर्ग हिराकडे बघायला लागला. हिरा उभी राहिली आणि बाहेरचे दोन म्हणून सांगितलं. सबनीस म्हणाले, जे शेवटी आले ते आधी जायला हवेत, हे साधं तर्काचं आहे. शेवटी तर आतले सहा आले ना. लिमये सरांनी डोळे मिटून घेतले. मी शेजारच्या वर्गाच्या दारात उभी राहून खिडकीतून ऐकत होते. बाई काही बोलतील म्हणून बघते तर त्यांना पहिली उचकी लागली होती.

त्यांनी पिशवीतून तीन बाटल्या काढून टेबलावर ठेवल्या. एकीत तांब्याचं निळं पाणी, एकीत लोखंडाचं हिरवं, आणि तिसरीत, जस्ताच्या टरफलापासून केलेलं, नुसत्या पाण्यासारखं स्वच्छ.

मग उचक्यांच्या मधल्या जागेत त्यांनी सांगितलं. या धातूंच्या पाण्याला रंग येतो तो आतल्या कक्षेत रिकाम्या जागा राहिल्या तर. जस्ताची आतली कक्षा अठरांनी गच्च भरलेली आणि बाहेर दोन. हे जस्त दोन इलेक्ट्रॉन देऊन बसलंय, त्याबद्दल वाद नाही. साहेब म्हणतात तसे ते आतून गेले असते तर आत दोन जागा रिकाम्या झाल्या असत्या आणि या पाण्याला रंग यायला हवा होता. तांब्याचा बाहेर एकच, तो गेला आणि वर आतलाही एक गेला, म्हणून ते निळं. "आता साहेबांनीच बघावं," बाई म्हणाल्या, "जस्ताच्या बाटलीत रंग कुठे दिसतोय का."

सबनीसांनी बाटली उचलून खिडकीच्या उजेडात धरली. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. बाटली हलवून बघितली. वर्गात फक्त बाईंच्या उचकीचा आवाज होता. खूप वेळाने ते म्हणाले, "रंग नाही." मग बाटली हातात तशीच ठेवून त्यांनी विचारलं, "हे कुठल्या पुस्तकात आहे?" बाई म्हणाल्या की थोडं कॉलेजात ऐकलं होतं, उरलेलं बाटल्या धुताना जुळलं. त्यावर सबनीस हसले. इन्स्पेक्टर माणूस असा हसलेला आमच्यापैकी कुणी बघितला नव्हता. गोमाने त्यांना पाणी आणून दिलं तेही त्यांनी हातात घेतलं, आणि दोन हातांत दोन स्वच्छ पाणी घेऊन ते क्षणभर गोंधळले. बाईंनी धावत जाऊन जस्ताची बाटली काढून घेतली.

शेरा त्यांनी त्याच दुपारी लिहिला आणि वर्ग कायम झाला. लिमये सरांनी बाईंना बोलावून एवढंच सांगितलं की पुन्हा कधी अणुकेंद्र लागलं तर आगाऊ कळवा, कोट घालून उन्हात उभं राहवत नाही.

त्यानंतरच्या रविवारी आमच्या दारात सबनीस उभे. सरकारी काम नव्हतं. त्यांना एक शंका होती. तांब्याचा बाहेर एकच इलेक्ट्रॉन असताना ते दोन द्यायला एवढं उत्सुक का? बाईंनी त्यांना आत बसवलं, चहा केला, त्यात साखर घालायची विसरल्या, आणि हा प्रश्न आपल्यालाही झोपू देत नाही असं कबूल केलं. दोघांनी तो सोडवला नाही, पण ते जेवायच्या वेळेपर्यंत बसले. पुढच्या खेपेला क्रोमियम. त्याने बाहेर दोन ठेवायचे सोडून एकच का ठेवला? मग मँगनीज. मी मराठीच्या वह्या तपासत कोपऱ्यात बसलेली असे, कारण आळीच्या दृष्टीने मी तिथे असणं गरजेचं होतं. त्या काळात मी तपासलेल्या निबंधांत कुठे "आयन" असा शब्द आला असेल तर तो मीच लिहिलेला असणार.

सबनीसांची पत्नी बऱ्याच वर्षांपूर्वी वारली होती, हे त्यांनी सांगितलं ते असंच निकेलच्या बोलण्यात मधेच. बाईंनी उठून हिराच्या आईने दिलेले सुके बोंबील भाजले आणि न विचारता त्यांच्या पानात वाढले. त्यांनी जन्मात कधी बोंबील खाल्ले नव्हते. त्यांनी खाल्ले. डोळ्यांतून पाणी आलं, पण खाल्ले.

मग एक रविवार असा आला की ते आले, बसले, चष्मा पुसला आणि काहीच बोलेनात. बाई वाट बघत होत्या. शेवटी त्यांनीच विचारलं की आज शंका काय. सबनीस म्हणाले, "आज शंका नाही."

मी वह्या उचलल्या आणि घरमालकीणबाईंकडे निघून गेले. त्यांच्या माडीवर आम्ही दोघी ऐकत होतो. मग भिंतीपलीकडून, स्पष्ट, दणदणीत, उचकी. घरमालकीणबाईंनी माझ्या हातात गुळाचा खडा ठेवला.

बाईंनी लग्नाला एक अट घातली. हिराची तुकडी मॅट्रिकला बसेपर्यंत त्या पनवेल सोडणार नाहीत. सबनीसांनी ती आनंदाने मानली. रविवारी येत आणि मुलांना गणित शिकवत. हिरा पास झाली, विज्ञानात चांगल्या मार्कांनी, आणि कोळीवाड्यातून तिची आई पाटी डोक्यावर घेऊन आमच्या आळीत आली. पाटीत पापलेटं होती. तिने ती बाईंच्या पुढ्यात उतरवली आणि म्हणाली, "बाई, पोरगी बोलाया लागली. आदी बोलत नव्हती. आता घरात कोनाला बोलू देत नाय." ही तक्रार होती की आभार, ते तिलाही ठरवता आलं नाही. ती मग दारात बसून रडली आणि तिच्याबरोबर बाईही रडल्या. अर्ध्या रडण्यात दोघींना हसू आलं.

लग्न वसईला साधेपणाने झालं. सबनीसांची बदली मुंबईला झाली होती. जाण्याआधी हिराच्या मामाने दोघांना मोरा बंदरावर आपल्या घरी जेवायला बोलावलं, कारण तिथूनच लाँचने मुंबई गाठायची होती. मी आणि हिरा त्यांना पोचवायला गेलो. जेवण होईपर्यंत वारा सुटला. धक्क्यावर बाईंनी मला मिठी मारली, पदर माझ्या बांगडीत अडकला, तो सोडवेपर्यंत लाँचवाल्याने दोनदा भोंगा वाजवला. सबनीस आधी चढले, त्यांनी हात दिला, आणि बाई एकदाच्या चढल्या.

त्यांनी आता वळून हात हलवावा म्हणून आम्ही उभ्या होतो. पण लाँचच्या काठाला गंजाचा एक मोठा, पोपडे सुटलेला पट्टा होता आणि बाईंची नजर त्यावर गेली. त्या वाकल्या. केसातला आकडा काढून त्या गंज खरवडू लागल्या आणि सबनीसांना काहीतरी सांगू लागल्या. सबनीसही वाकले. त्यांच्या शेजारचा टोपीवाला गृहस्थ वाकला, मग कोंबड्यांची टोपली घेतलेली बाई वाकली, मग मागचे, मग त्यांच्या मागचे. लाँच सुटली, पाण्यावर फेस उठला, आणि आमच्या बाजूच्या काठावर एवढी माणसं जमली की ती चांगलीच कलली. तांडेल सुकाणूवरून उठून हात हलवत सगळ्यांना दुसऱ्या बाजूला जा म्हणून ओरडत होता. कुणी हलत नव्हतं. हिरा टाचा उंचावून बघत होती आणि मोठमोठ्याने हसत होती. लाँच तशीच, एका अंगावर कललेली, सगळी माणसं वाकलेली, मुंबईच्या दिशेने लहान होत गेली.